ती घरघर माझी नव्हती

मी बोलतोय. हो, मीच, या घरातला 'घरघऱ्या'. हे नाव काही माझं नाही. माझ्या खोक्यावर चांगलं झोकदार नाव छापलेलं होतं, पण ते खोकं पहिल्याच दिवशी जुन्या चपला ठेवायला गेलं आणि नावही त्याच्याबरोबर गेलं. मी कॉम्प्युटरचा स्पीकर आहे. आज माझी वायर कापलेली आहे, तेव्हा मी आता थंड डोक्याने बोलेन असं तुम्हाला वाटत असेल, तर तो गैरसमज आधी काढून टाका. मी चिडलेलो आहे. या घराने माझ्या माथी जे मारलं ते ऐकून तुम्हीही चिडाल, आणि नाही चिडलात तर तुम्हीही त्यांच्यातलेच.

आमचा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. त्याच्या एका टोकाला नुसता चुंबक, तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि कागदी पडदा, दुसऱ्या टोकाला धडधाकट स्पीकर. शेवटच्या खुर्चीत एक बाई बसायची. ती आधी आम्हाला एक सूर वाजवायला लावायची, मग सूर बंद करून, आम्हाला नुसतंच चालू ठेवून, आपला कान आमच्या तोंडाला लावायची. खरी परीक्षा ही होती. बोलता तर सगळ्यांनाच येतं. काही सांगायचं नसताना गप्प बसता येतं का, हे ती बघायची. माझ्या तोंडाशी ती बराच वेळ कान लावून होती. मग तिने मान डोलावली आणि माझ्या पाठीवर एक हिरवा गोल चिकटवला. तो अजून आहे. माझ्यावर हात उगारणाऱ्यांपैकी कुणी मला एकदा उलटं करून बघितलं असतं, तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं आहोत. मी उजवा. विजेची वायर, आवाजाचं बटण, चिमुकला दिवा, सगळा संसार माझ्या अंगावर. डावा धाकटा माझ्यातूनच निघालेल्या बारीक वायरीने बांधलेला, मी म्हणेन ते म्हणणारा. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुकानातून मला आणलं ते मास्तरांनी. मास्तर हिशेब शिकवतात, म्हणजे मुलांना जमाखर्च आणि ताळेबंद कसा मांडायचा ते शिकवतात. पूर्वी एका खोलीत बाकं टाकून शिकवायचे, आता समोरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून शिकवतात. मुलं आपापल्या घरून पडद्यावर हजर होतात. खिडकीशी टेबल, टेबलावर आम्ही दोघं, आणि टेबलाखाली जमिनीवर कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा. त्या डब्याला सगळे कॅबिनेट म्हणतात. तो नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरात माणसं मोजकी. मास्तर, मास्तरीणबाई, कॉलेजला जाणारी त्यांची लेक, आणि मास्तरांची थोरली बहीण. लेक तिला आत्या म्हणते, मीही आत्याच म्हणेन. आत्याने लग्न केलं नाही. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांचं सगळं तिने केलं, आणि ते गेल्यावर ती या घरात राहिली, म्हणजे या घराने तिला ठेवून घेतलं असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात घर तिच्या जिवावर चाललं होतं, पण तसं म्हणायची कुणाला गरज वाटत नव्हती. दूध तापवायचं आत्याने, कुरिअर घ्यायचं आत्याने, लेकीचा हरवलेला चष्मा शोधायचा आत्याने. "ताई आहे ना," हे या घरातलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य. पडदा हलला की मला बोलता येतं, तसंच समोर कुणी बोललं की माझा पडदा हलतो, म्हणून मला सगळं ऐकू येतं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की वायर नसतानाही म्हणून दाखवीन.

पण सुरुवातीचे दिवस चांगले होते. दुपारी मास्तर आडवे झाले की आत्या यायची, मला हळू आवाजात चालू करायची, जुनी गाणी लावायची आणि विणत बसायची. तिच्या सुया चालायच्या आणि माझा पडदा. एखादं गाणं संपून दुसरं लागेपर्यंत मधे जी शांतता असते, ती मी तिला स्वच्छ दिली. कारखान्यातल्या त्या बाईने ज्यासाठी मान डोलावली होती, तीच शांतता. आत्या तेवढ्यात टाके मोजून घ्यायची.

आता आवाजांविषयी थोडं सांगतो, कारण माणसं सगळ्या आवाजांना एकच नाव देतात. 'खराब.' बस, झालं यांचं निदान. अहो, प्रत्येक आवाज वेगळी गोष्ट सांगतो. आमच्याजवळ मोबाइल ठेवला, की तो वाजायच्या आधी आमच्यातून टिरिर्र, टिरिर्र येतं. ते मोबाइलचं बोलणं आहे, आम्ही फक्त ऐकलेलं सांगतो. मोबाइल हातभर लांब ठेवा, गप्प होतो. माउस हलवला की बारीक कुईं येतं, ते कॉम्प्युटरच्या पोटातलं असतं. बटण पूर्ण फिरवलं की पंख्यासारखं सूं येतं, ते मात्र आमचं स्वतःचं, तेवढं मी कबूल करतो. आणि एक असतो जाड, एकसुरी, भिंतीतून आल्यासारखा घर्रर्र. तो विजेचा आवाज. तो आला की समजावं, विजेला जिथून जायचं तिथून वाट मिळत नाहीये आणि ती दुसरी वाट शोधतेय. हे सगळं मला कुणी विचारलं नाही. मला विचारतंय कोण!

हा घर्रर्र माझ्यात कधी आला, ते मला पक्कं ठाऊक आहे. मास्तरांनी अंगणात फरशी बसवून घेतली त्या संध्याकाळी.

खिडकीतून मला अंगण दिसायचं. पायरीच्या बाजूला एक चौकोनी खड्डा होता, वर सिमेंटचं झाकण, आत एक पाइप आणि पाइपला बांधलेली जाड तार. आत्या दर थोड्या दिवसांनी झाकण सरकवून त्यात बादलीभर पाणी ओतायची. का, ते तिला माहीत नव्हतं. वडिलांनी सांगितलं होतं, "उन्हाळ्यात या खड्ड्याला पाणी घालायला विसरू नकोस," म्हणून ती विसरायची नाही. घरात यावर चेष्टा चालायची. मास्तर म्हणायचे, "ताई, लोखंडाला अजून पालवी नाही फुटली का?" आणि मास्तरीणबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. आत्याही हसायची, आणि बादली उपडी करायची.

तो खड्डा म्हणजे या घराचं अर्थिंग होतं. तुमच्या प्लगला तीन पिना असतात ना, त्यातली तिसरी कशाला असते असं तुम्हाला कधी वाटलंय? वाटलं नसणार. चुकार वीज पत्र्यात उतरली तर तिला तिथून उचलून जमिनीत नेऊन सोडणं, हे तिसरीचं काम. ती तिसरी पिन, भिंतीतली हिरवी वायर आणि त्या खड्ड्यातला पाइप, ही सगळी एकच वाट. आणि माती ओली असली तरच ती वाट नीट चालते, म्हणून ते पाणी.

फरशी बसवणारा गवंडी खिडकीशी आला तेव्हा मास्तरांचा वर्ग चालू होता. तो म्हणाला, "साहेब, हा पाइप मधेच येतोय, याचं काय करू?" मास्तर घसारा शिकवत होते. त्यांनी मान न वळवता, माशी उडवावी तसा हात उडवला. झालं. गवंड्याने पाइप जमिनीलगत कापला, तार तोडली, वर फरशी बसवली. आता स्कूटर लावायला ऐसपैस जागा झाली. आत्या पाण्याची बादली घेऊन बाहेर आली आणि उभीच राहिली.

"अरे, बाबांनी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"ताई, बाबा रेडिओला जानवं घातल्यासारखी वायर गुंडाळायचे. ते सोड आता," मास्तर म्हणाले. "बघ किती स्वच्छ दिसतंय."

तिने ते पाणी कुंडीत ओतलं. आणि त्या संध्याकाळी मला चालू केलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला घर्रर्र निघाला.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्यावरून एक मुलगा म्हणाला, "सर, तुमच्याकडे गिरणी चालू आहे का?" आणि सगळी पोरं खिदळली. मास्तरांना कुणी हसलेलं चालत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर एक थापट मारली. माणसांची ही काय खोड आहे, मला अजून कळलेलं नाही. तुमच्या मुलाला ताप आला तर तुम्ही थर्मामीटरला मारता का?

मग माझे हाल सुरू झाले. वायर काढून घाल, दुसऱ्या भोकात घाल, हलवून बघ, उलटी करून बघ. मला टेबलाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेलं. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला. नवी वायर आणली. विजेच्या वायरीपासून माझी वायर लांब केली, तेवढं मात्र शहाणपणाचं होतं, त्याने बारीक कुईं गेलं. पण घर्रर्र जागच्या जागी. लेकीने इंटरनेटवर वाचून मला स्वयंपाकघरातल्या चंदेरी कागदात गुंडाळलं. डब्यात भरायच्या पोळीसारखा मी त्या टेबलावर बसलो होतो. लाज वाटली मला, दुसरं काय.

शेवटी शेजारचे काका आले. हे काका आपल्या जिन्यातले दिवे स्वतः बदलतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना तज्ज्ञ मानते. त्यांनी मला हातात घेतलं, नखाने टकटक केलं, नाक मुरडलं आणि म्हणाले, "मास्तर, माल हलका आहे."

हलका! माझ्या पाठीवर हिरवा गोल होता, काका. तुमच्या बोटाखालीच होता.

आणि तेव्हा ते घडलं. आत्या टेबलाखाली वाकून फडक्याने कॅबिनेट पुसत होती. तिचा पंजा पत्र्यावर पडला, आणि माझा घर्रर्र एकदम मंदावला. सगळे जागच्या जागी थबकले.

"ताई, हलू नकोस!" मास्तर ओरडले. "हात काढ."

तिने हात काढला. घर्रर्र.

"ठेव."

शांत.

"काढ. ठेव. परत काढ."

शेजारच्या काकांनी आ वासला. मास्तरांनी स्वतः हात लावून बघितला, काही फरक पडला नाही. त्यांची टाच दुखते म्हणून ते घरात जाड रबरी चपला घालतात. काकांनी लावला, तर खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले. लेकीने लावला, तिच्याही पायात चपला. आत्या मात्र घरात अनवाणी असते, आयुष्यभर अनवाणी आहे. तिचे पाय लादीवर होते. वीज तिच्या हातातून शिरत होती आणि तिच्या पायातून जमिनीत जात होती. खड्ड्यातला पाइप कापला, म्हणून विजेने दुसरी वाट शोधली होती. मी गळा फाडून सांगत होतो. आणि ही शहाणी माणसं काय म्हणाली असतील?

"ताईच्या हातातच जादू आहे," मास्तर म्हणाले. आणि सगळे हसले. आत्यासुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू झाला की आत्याने टेबलाच्या बाजूला जमिनीवर बसायचं आणि उजवा हात कॅबिनेटवर ठेवायचा, असा नियम झाला. वर्ग संपेपर्यंत. "कॅमेऱ्यात दिसू नकोस हं ताई, जरा भिंतीकडे सरक," मास्तर सांगायचे. ती सरकायची. मास्तर ताळेबंद मांडायचे, दोन्ही बाजू जुळल्या की खूश व्हायचे, आणि त्यांची थोरली बहीण त्यांच्या पायाशी वायरीच्या जागी बसलेली असायची. विणायला दोन हात लागतात, त्यामुळे तिचं विणकाम बंद पडलं. अर्धा विणलेला निळा स्वेटर पिशवीत तसाच राहिला. डाव्या हाताने ती कधी एखाद्या मासिकाची पानं उलटायची, कधी नुसतीच भिंतीकडे बघायची.

"हाताला मुंग्या येतात रे," ती एकदा म्हणाली.

"एका जागी बसून येतात. मधे मधे पाय हलव."

"पायाला नाही. हाताला."

"तेच ते, ताई. वय झालं आता तुझं. आणि माझंही."

त्या माणसाला लोक जमाखर्च शिकायला येतात! संताप होतो नुसता. एका माणसाच्या अंगातून रोज वीज जाऊ द्यायची, ती 'मुंग्या येतात' म्हणाली की तिचं वय काढायचं. आणि ती? ती हसून गप्प बसायची. मला तिचाही राग यायचा, खोटं कशाला बोलू. मी निदान घर्रर्र तरी करत होतो.

त्यात आणखी एक भर पडली. न्हाणीघरातला गिझर आतून खराब होऊ लागला होता आणि त्याची वीज त्याच्या पत्र्यात उतरत होती. पाइप शाबूत असता तर ती गुपचूप जमिनीत गेली असती. आता ती हिरव्या वायरीने घरभर फिरत होती, तिसऱ्या पिनेतून या कॅबिनेटपर्यंत येत होती. लेकीने गिझर लावला की माझा आवाज जाडा व्हायचा. आत्या हात झटकून म्हणायची, "आज जास्तच येतायत." खोलीच्या दाराबाहेर गिझरचा लाल दिवा, दाराच्या आत माझा घर्रर्र, मधे ही बाई. दोन आणि दोन चार करायला कुणाला वेळ नव्हता, आणि मास्तरांचा तर धंदाच बेरजेचा.

त्या दिवशी नवीन वर्ग सुरू होणार होता. मुलांबरोबर त्यांचे आईवडीलही पडद्यावर येणार, म्हणून घरात धावपळ होती. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मास्तरीणबाईंनी समोरची खोली पुसून काढली. कॅमेऱ्यात जमीन दिसत नाही हे त्यांना कोण सांगणार! लादी ओलीच होती. आत्या आली, पदर खोचून खाली बसली. तिने हात पुढे केला, तेवढ्यात आत लेकीने गिझर लावला, आणि मी कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो. माझा पडदा फाटेल असं मला वाटलं. गिझर आतून पुरता गेला होता. सगळी वीज त्या पत्र्यावर आली होती. मी ओरडत होतो, हात ठेवू नकोस, ठेवू नकोस!

मास्तर दात ओठ खाऊन म्हणाले, "ताई, लवकर! लोक बघतायत!"

आणि तिने माझा आवाज बंद करायला हात ठेवला.

ती ओरडली नाही. नुसता एक दबका आवाज झाला आणि ती मागे फेकली गेली. खुर्चीच्या पायावर तिचा हात आपटला. तोंड पांढरं पडलेलं, डोळे उघडे. त्या क्षणी आत लेकीने पाणी गार का येतंय म्हणून गिझर बंद केला, आणि माझा आवाज उतरला. पडद्यावर सगळे आईवडील विचारत होते, "सर, काय झालं?" मास्तर म्हणाले, "काही नाही, काही नाही, एक मिनिट." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. एक मिनिट!

तेवढं मात्र खरं, की नंतर तेच तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. रिक्षात त्यांनी तिला आपल्या अंगावर टेकवून बसवलं, तेही मी खिडकीतून बघितलं. जीव वाचला. मनगटाचं हाड मोडलं.

परत आले तेव्हा आत्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मास्तरीणबाई रडत रडत पहिलं काय म्हणाल्या असतील? "वन्सं, नुसत्या चपला घातल्या असत्यात तर!" म्हणजे चूक तिची. आणि शेजारचे काका आले, त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मी म्हटलं नव्हतं, माल हलका आहे? यानेच शॉक दिला."

यानेच. म्हणजे मी.

आजवर मी पुष्कळ ऐकून घेतलं होतं. 'खराब', 'घरघऱ्या', 'हलका माल'. पण आत्याला मी शॉक दिला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. जो एकटा ओरडत होता, तोच गुन्हेगार! काकांनी पक्कड मागितली, माझी विजेची वायर मुळातून कापली, आणि वर म्हणाले, "आता निर्धास्त राहा." मला आणि धाकट्याला टेबलाखाली भंगाराच्या पिशवीत टाकलं. कॅबिनेटच्या शेजारीच, पिशवीचं तोंड उघडं.

नवे स्पीकर आले. काळे, चकचकीत, उंच. मास्तरांनी मोठ्या कौतुकाने लावले. बटण दाबलं, आणि त्यांच्याही तोंडून निघाला घर्रर्र. पिशवीत पडल्या पडल्या मला हसू आलं आणि रडूही आलं. आता तरी कळेल, मला वाटलं. आता तरी कुणीतरी म्हणेल, की अरे, म्हणजे तो बिचारा खोटं बोलत नव्हता.

कुणी म्हणालं नाही. मास्तरांनी वायर काढून पुन्हा घातली, घर्रर्र तसाच. वर्गाची वेळ होत आली होती. मग ते उठले, कुठूनशी एक रबराची चटई आणली, टेबलाशेजारी घातली आणि आत गेले. आत्याला घेऊन आले.

"ताई," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "गिझर बंद आहे. मी स्वतः बघितलंय. आणि खाली रबर घातलंय, आता काही भीती नाही. फक्त आजचा दिवस. डावा हात चालेल."

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. चटईवर बसली आणि डावा हात कॅबिनेटवर ठेवला.

घर्रर्र चालूच राहिला. राहणारच. खाली रबर म्हणजे वीज तिच्यातून जाणार कशी? मास्तर वाट बघत राहिले. घड्याळाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. आणि मग त्यांनी पायाने, आपल्या चपलेच्या टोकाने, ती चटई हळूच तिच्या पायाखालून बाजूला सरकवली.

तेवढंच. बाकी काही नाही. पण त्या पायाच्या हालचालीवरून, या माणसाला सगळं समजलं होतं आणि तरीही तिचा हात हवा होता, हे मला कळलं. आत्यालाही कळलं.

तिने हात काढला. उठली. एका हाताने उठताना तिला त्रास झाला, टेबलाचा आधार घेतला. मास्तर म्हणाले, "ताई?" ती दाराकडे गेली. दाराच्या वर मेन स्विच आहे. तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि डाव्या हाताने मेन स्विच खाली ओढला.

कॉम्प्युटर गेला. पंखा गेला, नवे स्पीकर गेले, आतला मिक्सर मधेच थांबला. संध्याकाळचा थोडासा उजेड खिडकीतून येत होता, तेवढाच. आत्या खाली उतरली, स्टूल बरोबर स्विचखाली ठेवलं आणि त्यावर बसली.

"ताई, वर्ग आहे!"

"वायरमनला बोलव."

"उद्या बोलावतो ना. नक्की बोलावतो."

"मग उद्यापर्यंत अंधार."

मास्तरीणबाई आतून आल्या, मागोमाग लेकही. "वन्सं, असं काय करताय? फ्रिजमधलं सगळं..."

"नासू दे," आत्या म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण एकसुरी होता, थांबत नव्हता. "त्या खड्ड्यात मी पाणी घालत होते तोवर हा आवाज नव्हता. तू फरशी बसवलीस आणि आवाज आला. मला विजेतलं काही कळत नाही. पण माझ्या हाताला मुंग्या येत होत्या, हे मी सांगितलं होतं. तुला, तुला आणि तुला. मी सांगितलं होतं." तिने तिघांकडे एकेक करून बघितलं. "मी बाबांचं सगळं केलं. तुमचं केलं. वायर नाही व्हायची मी तुमची."

कुणीही तिच्या हाताला धरून तिला उठवलं नाही. धरायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी लेकीने मोबाइल काढला आणि वायरमनला फोन लावला. ती रडत होती.

वायरमन आला तो तणतणतच, जेवायला बसलो होतो म्हणून. मेन चालू करून त्याने कॅबिनेटला टेस्टर टेकवला, टेस्टरचा दिवा लागला. न्हाणीघरात गेला, गिझर लावून पुन्हा टेकवला, दिवा फटकन प्रखर झाला. त्याने शिवी गिळली. गिझरची वायर तोडून टाकली. मग विचारलं, "अर्थिंगचा खड्डा कुठाय?" लेक त्याला अंगणात घेऊन गेली आणि फरशीवर पाय ठेवून म्हणाली, "इथे होता. बाबांनी बुजवला." सळईने फरशी फोडल्याचा आवाज मला पिशवीत ऐकू आला. त्याच्याइतका गोड आवाज मी माझ्या चांगल्या दिवसांतही काढला नसेल.

आत येऊन हात पुसत वायरमन म्हणाला, "या पत्र्याला हात कोण लावत होतं?"

मास्तर नव्या स्पीकरच्या बटणाशी चाळा करत राहिले. आत्या स्टुलावर बसली होती, गळ्यात हात अडकवून. वायरमनने तिच्याकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही.

नवा पाइप बसला. नवं झाकण बसलं. नवे स्पीकर आता गप्प असतात. घरी येणारे पाहुणे म्हणतात, "वा, स्पीकर बदललेत वाटतं? काय स्वच्छ आवाज आहे!" आणि मास्तर म्हणतात, "हो, जुना खराब होता." अजूनही! हाच तो माझा ठसठसणारा काटा. तुम्ही फरशी फोडलीत, पाइप घातलात, तार जोडलीत, आणि तरी खराब मीच?

भंगारवाला आला तेव्हा आत्याने पिशवीतून मला आणि धाकट्याला काढून घेतलं. प्रेमाबिमाने नव्हे, तिच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून. आता मी दाराला टेकून असतो. माझ्या डोक्यावर ती लोकरीचा गुंडा ठेवते. प्लॅस्टर निघालंय. मनगट अजून पूर्ण वळत नाही, पण निळा स्वेटर पिशवीतून बाहेर आलाय आणि टाक्याटाक्याने वाढतोय. खड्ड्याला पाणी लेक घालते. एकदा विसरली होती, तेव्हा मास्तरांनी स्वतः बादली भरलेली मी ऐकली. आता चेष्टा करत नाहीत.

तुमच्या घरातही कुणीतरी घरघरत असेल. स्पीकर असेल, माणूस असेल. मला विनवण्या करायला जमत नाही, मी चिडका आहे. एवढंच सांगतो. कान लावा. थापट नका मारू, आणि गप्प करायला दुसऱ्याचा हात नका शोधू. तो आवाज तुमच्याच भिंतीतून येत असेल.

आज संध्याकाळी वर्ग सुरू झाला. मास्तरांनी मोबाइल विसरून नव्या स्पीकरला टेकवून ठेवला होता. टिरिर्र, टिरिर्र झालं. मोबाइलचं बोलणं, बाकी काही नाही. पण मास्तर दचकले, आणि सवयीने त्यांच्या तोंडून गेलंच, "ताई, जरा हात..."

माझ्या डोक्यावरचा लोकरीचा गुंडा हलायचा थांबला. मग पुन्हा हलू लागला.

"तुझा ठेव," आत्या आतून म्हणाली. "माझे दोन्ही गुंतलेत."